वळणावरची शर्यत

कोडोलीत आमच्या घराला लागून अब्बांचं सायकलचं दुकान होतं. भाड्यानं द्यायच्या आठ सायकली, तासाला आठ आणे. पंक्चर शोधायची पाण्याची पाटी, दोन-चार पाने, हवेचा पंप आणि भिंतीला टांगलेल्या जुन्या टायरी, एवढंच भांडवल. गावातली कितीतरी पोरं त्या सायकलींवर, दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत सायकल शिकली. मीही तसाच शिकलो. पुढं बी.ए. झालो, कवितेच्या नादी लागलो. घरोघरी स्वतःच्या सायकली आल्या, मग मोटारसायकली आल्या आणि अब्बांचं दुकान बंद झालं. त्याबरोबर माझीही सायकल सुटली.

वयाच्या ५२व्या वर्षी रक्तातली साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "निदान चालायला तरी लागा." मी चालण्याऐवजी सायकल काढली. पहाटे कोडोलीहून वाठारपर्यंत जायचं आणि परत यायचं, असा क्रम सुरू झाला. हळूहळू चार-पाच जण बरोबर येऊ लागले. त्यातल्या एकानं एक दिवस विचारलं, "चाचा, शर्यतीत उतरणार का? हौशी लोकांचीच आहे." मला वाटलं, सायकल मारायची आणि कोण आधी पोचतो ते बघायचं, त्यात शिकण्यासारखं काय आहे? मी नाव देऊन टाकलं.

त्या शर्यतीत माझ्या चुकीमुळं २१ वर्षांचा एक मुलगा पडला. त्याचं कॉलर बोन मोडलं. मी मात्र नुसत्या धसक्यावर सुटलो. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. ती शर्यत मी आधी नीट समजून घेतली असती तर तो मुलगा पडला नसता, असं मला आजही वाटतं. म्हणून आज त्या शर्यतीविषयीच तुमच्याशी बोलायचं ठरवलं आहे.

या शर्यतीला क्रिटेरियम म्हणतात. शब्द आपल्यापर्यंत फ्रेंचांकडून आला, मूळ ग्रीक. अर्थ कसोटी, निकष. सोनार ज्या दगडावर सोनं घासून पारखतो, तो निकष. इथं तो दगड म्हणजे एक ते दोन किलोमीटरचा, वळणावळणाचा रस्ता. तो वाहनांना पूर्ण बंद करायचा आणि त्यावर ठरलेल्या फेऱ्या मारायच्या. आमची शर्यत जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, सुट्टीच्या दिवशी होती. फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास, फेरीत चार वळणं आणि फेऱ्या वीस. हौशी लोकांची अशी शर्यत बहुधा अर्ध्या-पाऊण तासात संपते.

काही ठिकाणी फेऱ्यांऐवजी वेळ ठरलेली असते, समजा ४० मिनिटं. मग सुरुवातीच्या फेऱ्यांना किती वेळ लागतो ते पंच पाहतात, उरलेल्या फेऱ्यांचा हिशेब करतात, आणि रेषेजवळच्या पाटीवरचे आकडे उतरू लागतात. पाच, चार, तीन. शेवटची फेरी सुरू होताना घंटा वाजते. मधेही एखाद्या वेळी घंटा होते. त्या फेरीत जो पहिला येईल त्याला वेगळं, छोटं बक्षीस असतं. त्याला 'प्रीम' म्हणतात. त्यामुळं घोळक्याला सुस्तावायला सवड मिळत नाही. जो इतका मागं पडतो की पुढचा घोळका फिरून त्याला गाठायला येतो, त्याला पंच बाहेर काढतात. त्यात अपमान नाही. वेगात येणाऱ्या घोळक्यासमोर संथ चाललेला माणूस सगळ्यांनाच धोक्याचा असतो. पंक्चर झालं किंवा सायकल मोडली तर अनेक ठिकाणी एक फेरी माफ असते. ठरलेल्या जागी दुरुस्ती करायची आणि आपला घोळका पुन्हा आला की त्यात शिरायचं. शेवटच्या काही फेऱ्यांत ही सवलत मिळत नाही. आणि नुसता दमला म्हणून कुणाला कधीच मिळत नाही.

लांबच्या शर्यतीत बघणाऱ्याच्या समोरून घोळका क्षणात निघून जातो. इथं तो दर दोन मिनिटांनी परत येतो. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं कोल्हापूरचं खासबाग मैदान आठवा. बशीसारख्या त्या मैदानात कुठंही बसलं तरी आखाडा दिसतो. क्रिटेरियमचंही तसंच आहे. एका कोपऱ्यावर उभं राहिलं की कोण तगला, कोण ढेपाळला, कुणी डाव राखून ठेवलाय, हे सगळं डोळ्यांसमोर घडतं.

आता यातला पहिला डाव सांगतो. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड द्यायला पायांतून लावावी लागणारी ताकद आठपट. ताशी ३५-४० किलोमीटरच्या वेगाला आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पण पुढच्या सायकलच्या मागं हातभर अंतरावर आपलं चाक ठेवलं, तर त्यानं फोडलेल्या हवेत आपण चालतो. एवढ्यानं साधारण चौथा ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. मोठ्या घोळक्यात याहून जास्त. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठातले बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला एकट्यानं चालण्याच्या मानानं अवघा ५ ते १० टक्के हवेचा विरोध होतो, असं त्यात दिसलं. आमच्या शर्यतीत आम्ही वीस-पंचवीस जण. आम्हाला एवढा फायदा मिळत नाही, पण तत्त्व तेच.

म्हणजे ज्याला हरवायचं, त्याच्याच पाठीचा आडोसा घ्यायचा. आणि आपली पाळी आली की पुढं जाऊन आपली पाठ इतरांना द्यायची. सायकलवाल्यांच्या भाषेत याला 'चाक धरणं' म्हणतात. पहिल्यापासून एकटाच पुढं धावणारा गडी बहुधा शेवटपर्यंत टिकत नाही. टिकला, तर ती त्या दिवसाची मोठी गोष्ट ठरते.

पहिल्या शर्यतीआधी मी एवढंच वाचलं होतं. त्यावरून मी माझा शहाणपणा काढला. आडोसाच हवा ना? मग सगळ्यात मागं राहायचं, सगळ्यांचा आडोसा मिळेल! चार फेऱ्यांतच माझी छाती भात्यासारखी हलू लागली. पुढची पोरं आरामात बोलत चाललेली आणि मी दर वळणानंतर जिवाच्या आकांतानं त्यांना गाठतोय. कारण मला तेव्हा कळत नव्हतं. आता सांगतो.

मालगाडी सुटताना डब्यांना हिसके बसतात ते तुम्ही पाहिलं असेल. घोळक्याचंही वळणावर तसंच होतं. पुढचा स्वार वळणात थोडा हळू होतो. त्याच्यामागचा खबरदारी म्हणून अंमळ जास्त हळू होतो, त्याच्यामागचा त्याहून जास्त. शेवटचा तर ब्रेकच दाबतो. तोवर पुढच्यानं वळण संपवून पायडल मारायला सुरुवात केलेली असते. रबर ताणावं तसा घोळका ताणला जातो आणि शेवटच्याला हिसका देऊन पुढं यावं लागतं.

एक हिशेब करू. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरू. समजा, वळणात पुढच्याचा वेग ताशी ३८ किलोमीटरवरून ३३वर येतो आणि शेवटच्याचा ३८वरून २२वर. पुन्हा ३८ गाठायला शेवटच्याला पुढच्यापेक्षा जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा खर्चावी लागते. शिवाय मधे अंतर पडलं की आडोसाही गेला, म्हणजे हवेचा भुर्दंड वेगळा. फेरीला चार वळणं, वीस फेऱ्या, एकूण ऐंशी वळणं. मागं राहून आराम करायला गेलेला माणूस ऐंशी वेळा हा दंड भरतो. म्हणून जाणते स्वार घोळक्याच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात राहतात. सगळ्यात पुढं नाही, कारण तिथं हवा. सगळ्यात मागं नाही, कारण तिथं वळण.

हे मला कळलं नव्हतं, पण मागं राहणं परवडत नाही एवढं अकराव्या फेरीला कळलं. पुढं सरकायची जागा सरळ रस्त्यावर, बाहेरच्या बाजूनं, घोळका जरा सैल पडतो तेव्हा. मी दमलेला आणि चिडलेला होतो. मी ती जागा वळणावर शोधली. डाव्या हाताचं वळण होतं. कडेला पाचट भरलेली पोती रचली होती. सगळे वेग कमी करताना मी आतल्या बाजूनं घुसलो. दोघांना मागं टाकलं. समोर वाळू सांडलेली दिसली आणि मी दचकून हातभर उजवीकडं सरकलो. मागं काही तरी खरखरलं. मग पोत्यावर कुणी तरी आदळल्याचा आवाज आला.

माझं मागचं चाक त्याच्या पुढच्या चाकाला लागलं होतं. अशा वेळी कोण पडतो, हेही शिकण्यासारखं आहे. आपण सायकलवर तोल सावरतो तो हॅण्डल सतत थोडं थोडं इकडं-तिकडं वळवून. मागच्याचं पुढचं चाक अडलं की त्याचं हॅण्डल वळत नाही, तोल सावरायचं साधनच हातातून जातं. पुढच्याचं मागचं चाक मात्र जरा घसटतं आणि तो बहुधा निघून जातो. म्हणजे घोळक्यात चूक पुढच्याची असते आणि हाड मागच्याचं मोडतं.

दोन दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. हात गळ्यात बांधलेला. तो माझ्याकडं बघून कसनुसं हसला, बोलला काहीच नाही. त्याची आई आतून चहा घेऊन आली. मला म्हणाली, "तुमाला कुठं लागलं न्हाई न्हवं?" तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

त्यानंतर सहा महिने मी शर्यतीचं नाव काढलं नाही. मग वाटलं, पळून जाण्यापेक्षा शिकलेलं बरं. एका मोकळ्या मैदानावर चुन्याची रेघ मारून घेतली आणि तिच्यावरून सायकल चालवायला लागलो. आधी सरळ, मग वळणाची. पन्नाशी उलटलेला माणूस पहाटे चुन्याच्या रेघेवर सायकल फिरवतो म्हणून लोक हसले. हसू दिलं.

या शर्यतीत उतरणाऱ्या कुणालाही मी आता चार गोष्टी आधी सांगतो. पहिली, आपली रेष सोडायची नाही. वळणात जी रेष धरून शिरलात, तीच धरून बाहेर पडा. तुमच्या मागच्याचा जीव तुमच्या सरळपणावर टांगलेला असतो. दुसरी, ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. तिसरी, वळताना पायडल मारू नये. आतल्या बाजूचं पायडल वर, बाहेरचं खाली आणि अंगाचा भार त्या बाहेरच्या पायावर. नाही तर सायकल कलली की आतलं पायडल रस्त्याला घासतं आणि माणूस उडतो. चौथी, नजर पुढच्याच्या चाकाला चिकटवून ठेवायची नाही. वळण संपून जिथं जायचं आहे तिकडं बघायचं. नजर जाते तिकडं सायकल जाते. खड्ड्याकडं बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल. डोक्यावर हेल्मेट हवंच. ते नसेल तर चांगला पंच तुम्हाला रेषेवर उभंही करणार नाही.

अभ्यास करता करता मला अमेरिकेतल्या एका गावाची गोष्ट सापडली. न्यू जर्सी राज्यात सॉमरव्हिल नावाचं गाव आहे. तिथं फ्रेड कुग्लर नावाच्या सायकल दुकानदारानं १९४० साली गावातल्याच रस्त्यांवर एक शर्यत सुरू केली. पहिली दोन वर्षं ती त्याच्याच मुलानं, फर्मन कुग्लरनं जिंकली. १९४२ साली कार्ल अँडरसन जिंकला. पुढं दुसऱ्या महायुद्धात हे दोघंही तरुण मारले गेले. युद्धानंतर शर्यत पुन्हा सुरू झाली ती या दोघांचं नाव घेऊन. एका सायकल दुकानदारानं आपल्या गावाला एक शर्यत दिली आणि गावानं त्याच्या मुलाचं नाव त्या शर्यतीत जपलं. मला अर्थातच अब्बांचं दुकान आठवलं.

आपल्याकडं सायकल शर्यत म्हटलं की मुंबई-पुणे आठवते. १९४५ साली सुरू झालेली ही शर्यत मधे मधे खंड पडत आजवर चालत आली आहे. बोरघाट सगळ्यात आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. अशोक खळे हे त्या घाटानं घडवलेलं मोठं नाव. साठी ओलांडली तरी ते सायकल चालवत राहिले, आणि २०२०च्या नोव्हेंबरात सायकलवर असतानाच एका वाहनाची धडक बसून गेले. ज्यानं घाट जिंकला, त्याला रस्त्यानं सांभाळलं नाही.

आमच्याकडं ऊस तोडणीच्या हंगामात पहाटे सायकल काढताना मला त्यांची आठवण येते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात उभे असतात. मागं लाल दिवा नाही, साधी चकाकणारी पट्टीही नाही. अशा रस्त्यावर पोरांना वेग शिकवायचा कसा? आणि वेग तर त्यांच्या पायात आहे. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्याच इंगळी गावच्या पूजा दानोळेनं २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगची सुवर्णपदकं आणली. २०२६च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तिच्यासाठी रस्ते बंद ठेवले गेले. तसलं काम सरकारच्या ताकदीचं आहे. पण क्रिटेरियमला एकच किलोमीटर लागतो. एखाद्या कॉलेजच्या आवारातला, वसाहतीतला, नव्या प्लॉटांमधला रस्ता अर्धा दिवस बंद करायचा. वाळू झाडून घ्यायची. कोपऱ्यांवर पोती रचायची. प्रत्येक वळणावर शिट्टी घेऊन एक माणूस, रेषेजवळ एक डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका. साध्या सायकलींचा गट वेगळा, गिअरच्यांचा वेगळा, पोरींचा वेगळा, आमच्यासारख्या पिकल्या केसांचा वेगळा. गणपतीचा मांडव घालणाऱ्या कुठल्याही मंडळाला हे जमण्यासारखं आहे.

मी दुसऱ्यांदा शर्यतीत उतरलो ते दीड वर्षानं. तीच वसाहत, तीच चार वळणं. गडी कमी आले म्हणून सगळे गट एकत्र सोडले. रेषेवर उभा राहिलो तर शेजारी तोच मुलगा. हाड जुळलं होतं, खांदा जरासा उतरता दिसत होता. मी मान खाली घातली. मला वाटलं, हा आता माझ्यापासून जेवढा लांब राहील तेवढा राहील. शहाण्यानं तसंच करावं.

पाचव्या फेरीत मी घोळक्याच्या मधोमध होतो. मागं कुणी तरी चाक धरल्याचं जाणवलं. टायरचा आवाज जवळून येत होता. समोर तेच डावं वळण. माझे हात हॅण्डलवर आवळले गेले. तेवढ्यात मागून आवाज आला, "चाचा, मी हाय मागं. सरळ चला."

वळणाआधी ब्रेक लावला. बाहेरचा पाय खाली दाबला. नजर वळणाच्या पार, रस्ता मोकळा होतो तिथं ठेवली. कडेला पोती होती, थोडी वाळूही होती. मी रेष सोडली नाही. वळण संपलं तरी टायरचा आवाज मागं होताच.

पुढच्या बारा फेऱ्या तो माझ्या मागं, मधूनच पुढं, पुन्हा मागं असा होता. तीन फेऱ्या उरल्याची पाटी लागली तेव्हा तो बाहेरच्या बाजूनं, सरळ रस्त्यावर, निघून गेला. सहावा आला. मी सतरावा. घरी परतल्यावर बायकोनं विचारलं, "किती नंबर आला?" मी म्हणालो, "कुणी पडलं नाही."